डावा गोळा, उजवा गोळा

आमच्या लाइनवर जो पार्ट तयार होतो तो कुणालाच दिसत नाही. गाडीच्या दाराच्या आत एक काळी प्लास्टिकची पट्टी असते, वायरी जागेवर धरून ठेवणारी. दार उघडा, लावा, काच खाली घ्या, आयुष्यभर गाडी चालवा, ती पट्टी तुमच्या नजरेला पडायची नाही. पडलीच तर समजायचं की गाडी ठोकली. चाकणच्या बाजूला एका मध्यम कंपनीत मी आधी ही पट्टी तपासायचे, आता त्याच लाइनची लीडर आहे. पार्ट दिसत नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पगार दिसतो, तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र या कामात फार जपावी लागते. डाव्या दाराची पट्टी आणि उजव्या दाराची पट्टी दिसायला अगदी सारख्या, पण एक दुसरीच्या जागी बसत नाही. आरशातल्यासारखं असतं ते. डावीला आम्ही एलएच म्हणतो, उजवीला आरएच. एलएचच्या पेटीत आरएच गेली की तिकडे गाडीच्या कंपनीत लाइन थांबते आणि इकडे माझा फोन वाजायला लागतो. म्हणून आमच्या पेट्यांचे रंग वेगळे, टेबलं वेगळी, बायकाही वेगळ्या. नवीन आलेल्या बाईला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते, बाकी काही चुकलं तर बघू, डावं-उजवं चुकवू नकोस.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आमचं नेमकं तेच चुकलं.

सुरुवात वाकडला झाली. माझी मुलगी तिथे एका उंच इमारतीत दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि आयटीत काम करते. तिच्या कंपनीत ताण कमी करायचा वर्ग झाला होता. ताण देणारे तेच आणि कमी करणारेही तेच, पण ते असो. त्या वर्गात कागदाच्या घड्या घालून त्या एकमेकींत अडकवून गोळा करायला शिकवलं होतं. एका रविवारी ती मोशीला घरी आली ती पिशवीत पाव गोळा आणि बाकी सुट्ट्या घड्या घेऊन.

"आई, टाकून दे हे. मला नाही जमलं. उलट ताण वाढला."

टाकून कसं देणार? अर्धवट असेंब्ली घरात पडलेली मला चालत नाही. ती झोपली तेव्हा मी एक घडी उलगडून बघितली आणि परत घातली. चौरस कागद. मध्ये दुमडायचा, दोन्ही कडा मधल्या रेघेवर आणायच्या, मग समोरासमोरचे दोन कोपरे तिरके मोडून आत खोचायचे. शेवटी एक तिरपा तुकडा हातात राहतो. त्याला दोन टोकं असतात आणि दोन खिसे. एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, तिसऱ्याचं पहिल्याच्या. तीन तुकड्यांचं एक टोकदार शिखर होतं. डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही. सगळे एकमेकांना धरून बसतात.

मग शिखरांभोवती शिखरं लावत जायचं. एका बिंदूभोवती पाच आली की कागद आपोआप वळायला लागतो. चार लावली तर गोळा लहान होतो. सहा लावली तर वळतच नाही, सपाट चटई होते. पाच लावत गेलं की तीस तुकड्यांत तो स्वतःहून बंद होतो आणि सगळ्या बाजूंनी टोकं असलेला चांदणीसारखा गोळा तयार होतो. शाळेच्या भूमितीत याला कुठलासा बहुफलक म्हणत असतील. आमच्या वेळी तो फळ्यावर काढून दाखवायचे आणि मागच्या रेघा तुटक काढायचे, त्यामुळे मला तो कधी कळला नव्हता. आता हातात धरल्यावर लगेच कळला.

शेवटचं टोक शेवटच्या खिशात गेलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "काय, पास झाला का पार्ट?"

"झाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो गोळा मी डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर ठेवला तर तो हातोहात फिरला. एकीने कानाशी धरून हलवून बघितला, एकीने दाबून बघितला. निघोज्याच्या वहिनीने तो सगळ्यांत जास्त वेळ हातात ठेवला आणि शेवटी विचारलं, "ताई, ह्यो केवढा मोठा करता येतोय?"

निघोज्याची वहिनी म्हणजे आमच्या लाइनवरची सर्वांत चपळ बाई. निघोज्याहून येते म्हणून निघोज्याची. तिच्या सासरची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. घर पक्कं झालं, नवरा एका कंपनीत लागला, मग हीही आमच्याकडे आली. मुलाला आणि दोन गायींना सासूबाई सांभाळायच्या, पण मनातून त्यांना हे पटलेलं नव्हतं. "आदी जिमीन नेली, आता सून बी नेली," असं त्या दारावरून जाणाऱ्या कुणालाही ऐकवत. सून आठ तास कुठे जाते, काय करते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं तर ही काय सांगणार? दाराच्या आतली पट्टी.

दर वर्षी खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्या माणसांना कंपनी बघायला बोलावतात. इतकी वर्षं सासूबाई आल्या नव्हत्या. यंदा त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, "नवमीला येती. बघती काय हाय तितं. मग ठरीवती, दिवाळीपास्नं घरी बसायचं का न्हाई ते."

वहिनीने हे सांगितलं तेव्हा गोळा फिरायचा थांबला. सासूने मूल आणि गायी सांभाळायला नाही म्हटलं की तिची नोकरी संपली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुला काय करायचंय?" मी विचारलं.

"मला यायचंय," ती म्हणाली. "पन त्यांना दाखवू काय? पट्टी? त्या म्हनतील, ह्याच्यासाठी घर सोडून जातीस व्हय?" मग गोळ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यो मोठा करून टांगू की लाइनवर. मी केला म्हनून दाखवीन."

नवमीला प्रत्येक विभाग आपापली सजावट करतो. मेन्टेनन्सवाले दर वर्षी काहीतरी चालतं-फिरतं करतात; गेल्या वर्षी त्यांनी पंपावर कारंजं काढलं होतं. आमच्या लाइनची म्हणजे रांगोळी, जी पूजेला आलेली माणसं दुपारच्या आत तुडवून टाकतात. मला तरी रांगोळीचा कंटाळाच आला होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं की यंदा आम्ही कागदाचा गोळा टांगणार, आणि खर्च काही नाही.

कागदाची सोय आधीच हेरून ठेवली होती. आमच्याकडे मालाला रंगीत टॅग लावतात: हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रिजेक्ट. टॅगचा फॉरमॅट बदलला होता आणि जुन्या छपाईचे न कापलेले मोठे ताव स्टोअरमध्ये गठ्ठ्याने पडले होते. त्यांतले हिरवे आणि पिवळे मागितले, ते लगेच मिळाले. लाल मागितल्यावर साहेब म्हणाले, "पूजेच्या दिवशी मशीनवर रिजेक्टचा टॅग टांगणार?"

"छपाई आत जाते साहेब. बाहेरून नुसता लाल दिसतो. कुंकवासारखा."

कुंकवाच्या नावावर लाल तावही सुटले.

घट बसले आणि आमचं काम सुरू झालं. नवरात्रात निम्म्या बायकांचा उपवास असतो. ज्यांना दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खायचे त्यांचं जेवण पाच मिनिटांत आटपतं. राहिलेल्या वेळात घड्या. बाकीच्याही भराभर चार घास खाऊन हात धुऊन यायच्या, कारण तेलकट बोट लागलं की कागदावर डाग पडतो आणि तसला तुकडा मी बाजूला काढायचे. कागदापायी डबा पुरता संपवायचं भान कुणालाच नव्हतं. वहिनी तर अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवायची आणि हात धुवायला पळायची.

कॅन्टीनचं टेबल लांबलचक, दोन्हीकडे बाक. मी एका बाजूला मधोमध बसायचे आणि घडी घालून दाखवायचे. माझ्या बाजूच्या माझ्या हाताकडे बघून घालायच्या, समोरच्या समोरून बघून. प्रत्येकीला मी आधी सहा तुकडे करायला लावले. सहा तुकड्यांचा एक छोटा ठोकळा होतो, फाशासारखा. ज्या बाईचा ठोकळा घट्ट बसला ती पास. सगळ्या पास झाल्या. पहिले काही दिवस असे सरावात आणि ताव कापण्यातच गेले; मग मोठ्या तावांच्या घड्या करून आम्ही एका रिकाम्या पेटीत टाकत गेलो, तीस भरेपर्यंत.

मेन्टेनन्सचे भाऊ येता-जाता थांबायचे. उंच, मिशीवाला माणूस, जिभेला हाड नाही. वहिनीने त्यांना एकदा पेटीत डोकावताना पकडलं.

"काय मॅडम, बालवाडी काढली का?" भाऊंनी मला विचारलं.

"काढली. तुम्हाला प्रवेश पाहिजे का?"

"नको. आमचा हत्ती आहे यंदा. सोंड हलवणारा. मोटार लावलीय."

"हत्तीला गेल्या वर्षीसारखी गळती लागू देऊ नका म्हंजे झालं," वहिनी म्हणाली. कारंज्यामुळे गेल्या वर्षी साहेबांच्या बुटात पाणी गेलं होतं. बाक दोन्ही बाजूंनी हसले आणि भाऊ हात जोडून निघून गेले.

सात माळा झाल्या, आठ झाल्या. गोळा जोडायचं मी शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं, कारण एवढा मोठा गोळा ठेवायला कंपनीत जागा नव्हती, आणि कुणाच्या ढोपराने चेपला असता तर सगळंच वाया. नवमीच्या आदल्या दिवशी मशीन बंद असतात. सगळे झाडत-पुसत असतात, तेलाचे डाग घासतात, चालायच्या वाटेचे पिवळे पट्टे नव्याने रंगवतात. आम्ही आमची टेबलं पुसून घेतली, पेटी आणली आणि मी जोडायला बसले. वहिनी शेजारी.

पहिलं शिखर झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला एक तुकडा घेतला तर टोक खिशाच्या जवळ येईना. मला वाटलं, घडी सैल असेल. दुसरा घेतला, तो बसला. पुढचा परत नाही. ढकलून बसवला तर आधीचे दोन सुटले. गोळा एका बाजूने वळत होता आणि दुसऱ्या बाजूने तोंड फिरवत होता. आजूबाजूला बायका जमल्या. कुणी म्हणे कागद जाड आहे, कुणी म्हणे दमट झाला. एकीने डिंकाची बाटलीच आणली.

"डिंक लावायचा असता तर इतके दिवस कशाला बसलो असतो?" मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता.

वहिनीने बसलेला एक तुकडा आणि न बसलेला एक असे दोन घेतले आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले, गुळगुळीत बाजू वर करून. एकाचा कल डावीकडे होता, दुसऱ्याचा उजवीकडे.

मी बघितलं. तिने बघितलं. मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी बघितलं.

"एलएच," कुणीतरी हळूच म्हणालं.

"आन आरएच," दुसरी म्हणाली.

आणि आम्ही जे हसायला लागलो ते थांबेचना. दिवसभर डाव्याचं डावं आणि उजव्याचं उजवं करणाऱ्या बायका, आणि एका पेटीत दोन्ही भरून ठेवलेलं! हसता हसता एकीला ठसका लागला. तिच्या पाठीत थापट्या मारणारीलाही ठसका लागला.

झालं होतं असं. मी कोपरा खिडकीकडचा मोडला की समोरचीही खिडकीकडचाच मोडत होती. मी कड माझ्याकडे ओढली की ती तिच्याकडे. म्हणजे समोरचा अख्खा बाक आरशात बघितल्यासारखा उलटा शिकला होता. आणि चूक सापडणार कशी? प्रत्येकीचे सहा तुकडे तिचे स्वतःचे, एकाच हाताचे, त्यामुळे ठोकळा घट्टच बसणार. माझ्या तपासणीतून सगळ्या अगदी बरोबर सुटल्या होत्या.

भाऊ आवाज ऐकून आले. टेबल बघितलं, दोन तुकडे बघितले, आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. "एलएच-आरएच मिक्स? तुमच्या लाइनवर? मॅडम, कस्टमरला कळवू का?"

"हत्ती कुठवर आलाय?" मी विचारलं.

"सोंड वर जातेय. खाली येत नाहीये," ते म्हणाले.

हसून झालं तशी घड्याळाकडे नजर गेली. आम्ही पेटी उलटी केली आणि सरावाच्या हातांनी दोन ढीग केले. डाव्या कलाचे इकडे, उजव्या कलाचे तिकडे. कुठल्याही ढिगात एका गोळ्यापुरते तुकडे नव्हते. उलट्या घड्या उलगडून सुलट्या घालता आल्या असत्या, पण जाड कागदावर जुनी रेघ राहते आणि नेमकी तिथेच घडी दगा देते. दुपार उतरायला लागली होती. सासूबाई सकाळी येणार होत्या.

मी म्हटलं, "समोरच्या बाकानं आता माझ्यासारखं शिकायचं. उठा, या बाजूला या."

"नको ताई," वहिनी म्हणाली. ती स्वतः समोरच्याच बाकावरची. "हात बसलाय आता. बदलला तर दोन्हीकडनं जाईल. दोन करू की! गाडीला एकच दार असतंय का?"

इतकं सरळ होतं. डावा गोळा आणि उजवा गोळा. लाइनवर पूजेचा चौरंग मांडतात, त्याच्या दोन बाजूंना.

मग मी लीडर उरले नाही, वहिनीच झाली. तिने माझा बाक आरएचचा ठरवला, समोरचा एलएचचा, आणि दोन्हीच्या मध्ये टेबलावर जमिनीवर पट्टे आखायची पिवळी टेप चिकटवली. या टेपवरून कुणी हात पलीकडे घालायचा नाही. तयार तुकडा आपल्याच पेटीत. पेटीत टाकण्याआधी शेजारणीने आपल्या तुकड्याशी लावून बघायचा. ताव कापायला माणसं कमी पडत होती, तर तिने भाऊंना हाक मारली.

"भाऊ, तुमची लोखंडी पट्टी आणा आन कटर. चौरस पायजेत. चारी कोपरे काटकोनात, न्हाईतर परत पाठवीन."

"आणि हत्ती?"

"सोंड वर हाय ना? राहू द्या. चांगलीच दिसतीय."

भाऊ आले. त्यांच्याबरोबर दोन फिटरही आले. त्या माणसांनी कागद असे कापले की घडी घालायला मजा यावी. पुढचे तास कसे गेले कळलं नाही. एक बाक दुसऱ्याला चिडवत होता, आमचा आधी होणार म्हणून. कुणीतरी फराळी चिवडा काढला तर वहिनी ओरडली, "तेलकट हात!" आणि चिवडा परत पिशवीत गेला. दोन्ही गोळे जवळजवळ एकदमच बंद झाले. मोठ्या कलिंगडाएवढे होते. आमच्या बाकाने टाळ्या वाजवल्या, मग समोरच्या बाकाने वाजवल्या, मग दोन्ही बाकांनी मिळून भाऊंसाठी वाजवल्या, आणि त्यांनी खरंच मान झुकवली.

टांगायचं सकाळी ठरलं.

नवमीच्या दिवशी कंपनी ओळखू येत नाही. मशीनना झेंडूच्या माळा, प्रेसच्या पोटाला हळदकुंकू, एरवी टोपीत कोंबलेले केस मोकळे, अंगावर साड्या. बसमधून घरची माणसं उतरत होती. वहिनी मात्र साडी खोचून आमच्या लाइनवर शिडीवर उभी होती आणि खाली भाऊ एक गोळा हातात धरून वर बघत होते.

"हा कुठला?"

"तो डावा. तिकडचा द्या आदी. आन टोकाला धरू नका, खालनं हात द्या."

"वहिनी, कुणाला कळणार आहे डावा कुठला न उजवा कुठला?"

"मला कळतंय की. द्या."

त्यांनी मुकाट्याने गोळे बदलले. साहेब बाजूला उभे होते, ते म्हणाले, "थोडा खाली घ्या," तर ती म्हणाली, "न्हाई साहेब, माणसाच्या डोक्याला लागंल," आणि साहेब बरं म्हणाले.

सासूबाई दारातूनच हे बघत होत्या. मला त्या उशिरा दिसल्या. हिरवं नऊवारी लुगडं, कडेवर नातू, पाय नव्याने रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मधे. वॉचमन त्यांना पट्ट्याच्या आतून चाला म्हणून सांगत होता आणि त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

दुसरा गोळाही टांगून झाला आणि वहिनीला त्या दिसल्या, तशी ती झटकन खाली उतरली, पदर सारखा केला. "आत्याबाई, या. हे आमचं टेबल. ही बघा पट्टी, ही आमी…"

"ऱ्हाऊ दे ती," सासूबाई म्हणाल्या. पट्टी त्यांनी हातातही घेतली नाही. वर बघून विचारलं, "ते कुनी केलं?"

"आमीच. सगळ्यांनी."

"काढ खाली एक."

आत्ताच टांगलेला डावा गोळा भाऊंनी परत उतरवून दिला. सासूबाईंनी नातवाला खाली सोडलं आणि गोळा दोन्ही हातांत घेतला. सगळीकडून फिरवला. नखाने एका घडीला उचकटून बघितलं.

"खळ कुठं लावलीय?"

"न्हाई लावली. एकात एक अडकीवलंय."

"दोरा?"

"न्हाई."

त्यांनी दोन टोकांना धरून जरा ओढून बघितला. मी हात पुढे केला. पण कागदाचा गोळा तसाच्या तसा राहिला. मग एकदम सुनेकडे वळल्या.

"कवा केलंस हे?"

"जेवनाच्या सुट्टीत. घट बसल्यापास्नं."

"मंग जेवत कवा हुतीस?"

वहिनीने मुलाला उचलून कडेवर घेतलं.

"रोज अर्धी भाकर परत," सासूबाई म्हणाल्या, आता आवाज चढवून, सगळ्या लाइनला ऐकू जाईल असा. "घट बसल्यापास्नं रोज! मी म्हनलं पोरीला काय तरी तरास हाय तितं. कुनी बोलतंय, कुनी गांजतंय. अन्न ग्वाड लागंना. आदी बघून ठरीवनार हुती, पन ह्या घासापायी ठरीवलंच, आता बास, घरी बसवायची. आन ही बया हितं कागद मोडत हुती!"

अर्ध्या भाकरीमुळे बाईची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती अर्धी भाकरी आमच्याच टेबलावर झाकून ठेवलेली मी रोज बघत होते.

"तरास न्हाई आत्याबाई कुनाचा," वहिनी म्हणाली. "मला हितं बरं वाटतंय."

"ते दिसलं मला. शिडीवर चढून बाप्यांना हुकूम सोडती." सासूबाईंनी भाऊंकडे एक नजर टाकली. भाऊ उगाच शिडी सरळ करायला लागले. मग सासूबाईंनी गोळा त्यांच्या हातात दिला. "टांग बाबा. ही सांगंल तितंच टांग."

मग त्या माझ्याकडे आल्या. "तुमी मुकादम का हिच्या?"

"तसंच म्हणा."

"मंग आईका. कागद मोडा न्हाईतर गाड्या करा. आदी जेवायचं. उद्याचा दसरा हुऊ द्या, परवापास्नं मी डब्यात भाकर वाढीवती. ती रिकामी हुते का न्हाई ते तुमी बघायचं. परत आली तर मी येती हितं."

दिवाळीपासून घरी बसायचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. परवापासून डबा येणार म्हणजे माणूसही येणार. वहिनी माझ्यामागे उभी होती. तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. मेन्टेनन्सच्या हत्तीची सोंड दिवसभर वरच राहिली आणि सगळ्यांना वाटलं तो नमस्कार करतोय. मुलीला वाकडला गोळ्यांचा फोटो पाठवला तर तिने विचारलं, "दोन का केले?" मी लिहिलं, गाडीला एकच दार असतं का. तिला काही कळलं नाही. रविवारी आल्यावर सांगितलं.

पूजेनंतर गोळे खाली उतरवले. डावा निघोज्याला गेला. सासूबाईंनी तो ओटीवर, मुलाचा हात पोचणार नाही असा टांगलाय म्हणे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आता दुसरं काहीतरी ऐकवतात. उजवा आमच्या कॅन्टीनमध्ये आहे.

डब्याचं मात्र त्यांनी खरं केलं. भाकरी वाढल्या त्या दोनाच्या चार झाल्या, वर ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. एकट्या बाईला संपणं शक्यच नाही, त्यामुळे आम्ही दोन्ही बाक मिळून संपवतो. जेवण झालं की वहिनी डबा उघडा करून माझ्यापुढे धरते. मी आत बघते, बोट फिरवते आणि म्हणते, "पास." मग ती हात धुऊन येते आणि कागद काढते. आता आम्हाला साठ शिखरांचा गोळा करायचा आहे. त्याचे तुकडे नव्वद लागतात. या वेळी सगळ्या एकाच बाकावर बसलो आहोत.